वकील कुणाचा?

हिंदी चित्रपटातला प्रियकर हा आपण प्रेक्षकांनी फार लाडावून ठेवलेला प्राणी आहे. तो नायिकेच्या कॉलेजबाहेर ताटकळतो, तिचा नकार कानाआड करतो, तिच्या खिडकीखाली गातो, आणि शेवटी आपण त्याच्या लग्नाला टाळ्या वाजवून टॉकीजबाहेर पडतो. त्याची चौकशी कुणी करत नाही. हा मुलगा करतो काय, राहतो कुठे, याच्याकडे पैसा येतो कुठून, हे प्रश्न पडद्यावर विचारतो तो नायिकेचा बाप. आणि हे प्रश्न विचारतो म्हणूनच बाप खलनायक ठरतो. प्रेमावर येणारे संकट नेहमी बाहेरचे असते. घराण्यांचे वैर असते, जातीची भिंत असते, गावचा गुंड असतो. १९८८ च्या 'कयामत से कयामत तक'मधल्या दोन जिवांचा अंत होतो, पण त्यांच्या प्रेमाला तडा जात नाही.

१९९३ साली या हिशेबात पहिली मोठी गडबड झाली. 'बाजीगर'मध्ये नायकाने आपल्या प्रेयसीला इमारतीच्या गच्चीवरून खाली ढकलून दिले. तिला गोड बोलून वर नेले आणि ढकलले. तोवर त्याच्यावर भाळलेल्या प्रेक्षकाला हे पचवायला वेळ लागला, पण दिग्दर्शकांनी औषध तयार ठेवले होते. नायकाचा बाप लुबाडला गेलेला, आई भ्रमिष्ट झालेली. म्हणजे खून असला तरी तो सूडाचा आणि म्हणून अर्धा माफ. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या 'डर'मध्ये प्रियकर वेडाच निघाला, तर लोकांना नायिकेच्या नवऱ्यापेक्षा त्या वेड्याचीच कणव आली. गुन्हा प्रियकराच्या आत शिरला खरा, पण सूड किंवा वेड यांचे पांघरूण घेऊन.

जानेवारी २००४ मध्ये 'एक हसीना थी' आला आणि हे पांघरूणही गेले. इथला प्रियकर ना सूडाने पेटलेला, ना वेडा. त्याच्या दृष्टीने नायिका हे कामाचे एक साधन आहे. वापरायचे आणि काम झाले की टाकून द्यायचे. हा चित्रपट मला वीस वर्षांनंतरही महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याबद्दल आज लिहावेसे वाटण्याचे कारण सिनेमापेक्षा सकाळच्या वर्तमानपत्रात अधिक आहे. पण आधी ज्यांनी तो पाहिला नसेल किंवा पाहून विसरले असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगतो.

सारिका वर्तक ही मुंबईत एकटी राहणारी, एका ट्रॅव्हल एजन्सीत नोकरी करणारी मुलगी. आडनाव मुद्दाम पाहा. हिंदी चित्रपटाच्या नायिकेला असे आपल्या शेजारच्या बिऱ्हाडातले आडनाव क्वचित मिळते. उर्मिला मातोंडकरने ती इतकी साधी उभी केली आहे की, 'रंगीला'तली हीच का, असे वाटावे. एजन्सीत येणारा एक ग्राहक, करणसिंग राठोड, तिच्यात रस घेतो. सैफ अली खानचा 'कल हो ना हो' दोनच महिन्यांपूर्वी लोकांनी डोक्यावर घेतला होता. त्याचे ते मिश्कील हसू ताजे असताना दिग्दर्शक श्रीराम राघवन यांनी ते हसू आहे तसे उचलले आणि करणच्या चेहऱ्यावर ठेवून दिले. सारिका आधी आढेवेढे घेते, मग विरघळते. एके दिवशी करणचा निरोप येतो की माझा एक ओळखीचा माणूस तुझ्याकडे थोडा वेळ थांबेल. माणूस येतो, सूटकेस ठेवतो, बाहेर जातो आणि मारला जातो. बातम्यांत त्याचा चेहरा पाहून सारिका हादरते. सूटकेसमध्ये शस्त्रे असतात. करण फोनवरून सांगतो, ती सूटकेस टाकून दे. ती टाकायला निघते आणि पकडली जाते.

इथपर्यंतचे सगळे चुकून घडल्यासारखे वाटते. यानंतर येतो कमलेश माथुर नावाचा वकील. तो करणने पाठवलेला आहे. तो तिला समजावतो की गुन्हा कबूल कर, शिक्षा कमी होईल, लवकर सुटशील. करणचे नाव बाहेर येऊ नये ही तिचीही इच्छा असते, कारण ती प्रेमात आहे. ती कबूल करते आणि सात वर्षे आत जाते. पुढे तुरुंगात तिला उमगते की आपल्याला वापरले. ती पळते, दिल्लीला पोचते आणि ज्या पद्धतीने करणने तिला अडकवले, त्याच पद्धतीने त्याला त्याच्याच साथीदारांच्या नजरेतून उतरवते. शेवट एका गुहेत होतो. तो इथे सांगत नाही. उंदरांची भीती असलेल्यांनी तो न पाहिलेला बरा.

मी हा चित्रपट नाशिकला, तो लागला तेव्हाच पाहिला होता. मध्यंतरात मागच्या रांगेतल्या दोघी बायका चढ्या आवाजात बोलत होत्या. एकीचे म्हणणे, "बावळट आहे मुलगी, सही का केली?" दुसरी म्हणाली, "अगं, तिला सांगणारं कोण होतं?" परीक्षणे पुढे बरीच वाचली. हा प्रेमपट मध्यंतराच्या सुमारास गुन्हेपट होतो, असे बहुतेकांनी लिहिले होते. मला ते कधी पटले नाही. त्या दुसऱ्या बाईंना चित्रपट अधिक कळला होता असे मला वाटते. हा चित्रपट पहिल्या भेटीपासूनच गुन्हेपट आहे. फक्त आपण सारिकाच्या बाजूला बसलेले असतो म्हणून तो आपल्याला प्रेमपट वाटतो.

नीट पाहा म्हणजे दिसेल. पहिल्या तासाभरात करण तिला फुले देतो, फिरायला नेतो, हसवतो. हे सगळे खरे प्रेम करणारा मुलगाही करतो. म्हणून त्यात खोटे काय ते दाखवता येत नाही. पण त्या तासाभरात आणखी एक गोष्ट घडते. सारिकाच्या आयुष्यात ज्याला विचारावे असा माणूस एकच उरतो. घाबरली की फोन त्याला, अडचण आली की फोन त्याला, सूटकेसमध्ये बंदूक दिसली तरी फोन त्यालाच. कुणी तिला कोंडून ठेवलेले नाही, मैत्रिणींशी बोलू नकोस असे बजावलेले नाही. प्रेमात पडलेले माणूस आपण होऊन इतरांची दारे लोटून घेते, आणि करणला नेमके तेवढेच हवे असते. सूटकेस हा या उद्योगाचा शेवटचा टप्पा आहे.

आता वर्तमानपत्राकडे वळू. लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळांवरून झालेल्या फसवणुकीची बातमी नाही असा महिना जात नाही. वर परदेशात मोठ्या हुद्द्यावर असतो, मराठीत गोड बोलतो, लंडनहून भेटवस्तू पाठवतो, आणि मग विमानतळावरच्या कुणा 'कस्टम अधिकाऱ्या'चा फोन येतो की पार्सल अडकले आहे, एवढे पैसे भरा. बातमी वाचून आपण म्हणतो, शिकलेली मुलगी आणि इतकी कशी फसली? पण पैसे जाण्यावर निभावले तर ते नशीबच म्हणायचे. २०१९ च्या जुलैत मुंबईचे एक जोडपे कतारला फिरायला गेले. सहल एका नातेवाइकाने भेट म्हणून दिलेली होती. सोबत कुणाला तरी द्यायचे एक पाकीट होते, जर्दा आहे असे सांगून दिलेले. दोहा विमानतळावर त्यात चार किलोंहून अधिक चरस निघाला. दोघांना दहा दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती. मूल तिथल्या तुरुंगातच जन्मले. इकडे घरच्यांनी अमली पदार्थ नियंत्रण विभागाचे दार ठोठावले, तपास झाला, अटका झाल्या, कागदपत्रे परराष्ट्र खात्यामार्फत कतारला गेली, आणि २०२१ मध्ये ते दोघे निर्दोष ठरून लेकरासह परतले. २०२३ साली मुंबईच्याच एका तरुण अभिनेत्रीला चित्रीकरणाच्या चाचणीसाठी म्हणून शारजाला धाडण्यात आले आणि हाती एक स्मृतिचिन्ह देण्यात आले. ते चिन्ह अमली पदार्थांनी भरलेले होते. तिथेही आई आणि भाऊ पोलिसांकडे गेले, मुंबईत दोघांना अटक झाली, आणि ती काही महिन्यांत घरी आली.

या दोन्ही प्रकरणांत प्रियकर नव्हता. पण सूटकेस तीच होती आणि ती हातात देणारा माणूस विश्वासातलाच होता. फरक इतकाच की या मंडळींच्या मागे बाहेर झगडणारे कुणीतरी होते. सारिकाच्या मागे करण सोडून कुणी नव्हते, आणि करणने वकील पाठवला.

या वकिलावर मी जरा थांबतो, कारण माझ्या मते चित्रपटाचे मर्म तो आहे. आपल्याकडे शस्त्र कायद्याखाली एखाद्याला दोषी धरायचे तर त्याच्या ताब्यात शस्त्र सापडले एवढे पुरत नाही. ते तिथे आहे याची त्याला जाणीव हवी आणि त्यावर त्याचा ताबा हवा. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात हे स्पष्ट केले आहे. म्हणजे सूटकेस कुणाची, ती कुणी आणली, तिला आत काय आहे हे कधी कळले, हे सारे प्रश्न सारिकाच्या बाजूचे होते. ती टाकायला निघाली हा तिच्याविरुद्धचा मुद्दा. पण तोही साक्षीपुराव्याने तपासला गेला असता. आलेला माणूस कोण, त्याला तिच्याकडे कुणी पाठवले, हे विचारताच तपास करणच्या दारात गेला असता. गुन्हा कबूल करण्याने हे सगळे प्रश्न एका दमात मिटतात. आरोपीने कबुली दिली की न्यायाधीश त्यावर शिक्षा सुनावू शकतात. कायद्यात शब्द 'शकतात' असा आहे, सुनावलीच पाहिजे असे नाही. पण समजत्या, शिकल्या मुलीने वकिलाच्या उपस्थितीत कबूल केले तर कुठला न्यायाधीश शंका घेणार? शिक्षा कमी व्हावी म्हणून दिलेला वाटणारा तो सल्ला खरे तर खटलाच होऊ नये म्हणून दिलेला होता.

अमली पदार्थांच्या बाबतीत तर काम याहून अवघड. १९८५ च्या त्या कायद्यात आरोपीचे मन दोषी होते असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. तसे नव्हते हे आरोपीने, तेही संशयाला जागा न ठेवता, सिद्ध करायचे. पिशवी ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचे. आणि बोलायचे तर प्रेमापोटी गप्प राहणाऱ्याचे काय होणार, हे सांगायला नको.

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वर्षानुवर्षे फौजदारी खटले चालवलेले एक वकील माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना मी ही गोष्ट सांगितली. चित्रपट त्यांनी पाहिलेला नव्हता. ते म्हणाले, "आरोपी आत असतो तेव्हा माझ्यासमोर कोण बसतं ते मी आधी बघतो. फी कोण देतंय आणि का देतंय, हे कळल्याशिवाय मी वकीलपत्र घेत नाही." काही आरोपींचे वकील सहआरोपीच्या पैशावर उभे राहतात, हे त्यांनी इतक्या सहजपणे सांगितले की मीच चपापलो. चित्रपटात हा मुद्दा कुणी बोलून दाखवत नाही. माथुरची फी कोण देत होते, असे सारिकाला एकदाही वाटत नाही. तिच्या लेखी करणचा वकील म्हणजे तिचाच वकील. लग्नानंतर नवऱ्याच्या खात्याला आपले खाते समजणाऱ्या, तो सांगेल त्या कागदावर, जामीनपत्रावर, भागीदारीच्या दस्तावर सही करणाऱ्या किती बायका आपल्या घरांत आहेत, याचा विचार केला की सारिका बावळट वाटेनाशी होते.

नाशिककरांना इथे एक जुने नाटक आठवेल. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री इथल्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या रात्री रंगमंचावर कोणते नाटक होते? देवलांचे 'संगीत शारदा'. त्या गोळ्यांनी इतिहास घडला म्हणून नाटक मागे पडले, पण ते नाटक लग्नातल्या फसवणुकीचेच आहे. कांचनभट पैशासाठी आपली कोवळी पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाला देऊ करतो, भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो, वराचे वय झाकले जाते. म्हणजे फसवणूक नवी नाही आणि शिकलेल्या, स्वतंत्र मुलींचीच होते असेही नाही. पूर्वी सगळे कसे घरच्यांच्या देखरेखीत होते, असे म्हणणाऱ्यांना मी कांचनभटाची आठवण देतो. शारदेला विकणारा तिचा बापच होता.

पण 'शारदे'तला सौदा चारचौघांत होतो. मांडव असतो, भट असतात, वऱ्हाडी असतात, म्हणून ऐन वेळी कुणीतरी उभे राहून म्हणू शकते की वधूवर सगोत्र आहेत, हे लग्न होत नाही. कोदंडासारखा, ज्याला या व्यवहारातून दमडी मिळणार नाही असा माणूस तिथे बोलू शकतो. सारिकाच्या प्रेमाला मांडवच नाही. तिथे हरकत घेणाऱ्याला उभे राहायला जागा नाही. मुलीने स्वतः जोडीदार निवडावा याच्या मी पूर्ण बाजूचा आहे. मात्र निवड एकटीची असणे आणि निवडताना ती एकाकी असणे यांत अंतर आहे. आजचे प्रेम बरेचसे फोनच्या पडद्यावर जुळते, आणि तिथे तर शेजारीपाजारीही नसतात.

तुरुंगाचा भाग राघवन यांनी न सजवता चित्रित केला आहे. प्रतिमा काझमींची प्रमिला त्यात भाव खाऊन जाते. आम्हा नाशिककरांना तुरुंग तसा परका नाही. नाशिकरोडला मध्यवर्ती कारागृह आहे, आणि 'मी जेलरोडला राहतो' असे इथली हजारो कुटुंबे कोणताही संकोच न बाळगता सांगतात. गणपतीच्या दिवसांत कैद्यांनी घडवलेल्या मूर्ती विकत घ्यायला लोक तिथे जातात. त्या भिंतीशी आपला संबंध तेवढाच. आतला हिशेब वेगळा आहे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती आणि त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. चारांतले तीन! बायकांचे प्रमाण शंभरात जेमतेम चार. संख्या थोडी म्हणून त्यांच्याकडे लक्षही थोडे. लवकर सुटशील या दोन शब्दांची जादू अशा ठिकाणीच कळते. ज्याच्या खटल्याला वर्षानुवर्षे तारीखच पडत नाही, त्याला कबुली हा सुटकेचा रस्ता वाटू शकतो.

एक खरी गोष्ट सांगतो, ती चित्रपटाच्या वीस वर्षे आधीची आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसेबाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्र हाच अर्ज मानला. निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला गेला. त्या प्रकरणात एक तपशील असा आला की वाचताना मला माथुर आठवला. तुरुंगातल्या दोन परदेशी स्त्रियांना, एक जर्मन आणि एक थायलंडची, एका वकिलाने गंडवले होते. फीच्या नावाखाली एकीचे सामानसुमान आणि दुसरीचे दागिने त्याने ठेवून घेतले होते. कैदेतल्या बाईला फसवणे किती सोपे असते, हे कुणा पटकथाकाराला सुचण्याआधीच ते घडून गेले होते.

१९८३ च्या फेब्रुवारीत न्या. भगवतींनी या प्रकरणात जो निकाल दिला, तो खरे तर शाळेच्या पुस्तकात हवा. स्त्री आरोपींसाठी वेगळी कोठडी, तिच्यावर स्त्री पोलिसांचा पहारा, चौकशी स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच. अटक होताच कारण सांगायचे, जामिनाचा हक्क सांगायचा, जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवायचे. आरोपीला विचारायचे की तुझ्या कोणत्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवू, आणि त्याला कळवायचे. पुढे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळण्याचा हक्क दिला. कोठडीतल्या कुणालाही तो आहे. नाशिकच्या जिल्हा न्यायालयातही हे प्राधिकरण आहे. सारिकाला करणच्या वकिलाची गरजच नव्हती. पण हे तिला माहीत नव्हते, आणि तिकिटाचे पैसे मोजून चित्रपट पाहणाऱ्या आम्हालाही नव्हते.

चित्रपटाचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाइतका आवडत नाही, हे सांगितले पाहिजे. तो बांधेसूद आहे, त्यात नाचगाण्याचा अडथळा नाही, सीमा बिस्वासची मालती वैद्य ही पोलीस अधिकारी झकास आहे. पण सारिका पळून जाते, बंदूक चालवते, मुरलेल्या गुंडांना एकमेकांवर घालते, आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. तो निःश्वास फसवा आहे. आदल्या तासाभरात आपल्याला जी भीती वाटली, ती या सूडाने धुऊन निघते. खऱ्या सारिका पळत नाहीत. त्या तारखांना येतात, व्हॅनमधून उतरतात, ओढणीने चेहरा झाकतात आणि परत जातात. सिडने शेल्डनच्या 'इफ टुमॉरो कम्स' या कादंबरीची नायिकाही अशीच लबाड वकिलाच्या सांगण्यावरून गुन्हा कबूल करते, तुरुंगात जाते आणि मग एकेकाचा सूड घेते. सूडाची चटक वाचकाला असते, प्रेक्षकालाही असते. मात्र राघवन यांच्या पदरी एक गोष्ट टाकलीच पाहिजे. शेवटी सारिका स्वतःला मालती वैद्यच्या स्वाधीन करते. तिला मोकळी सोडून टाळ्या घेणे सोपे होते. ते त्यांनी केले नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ६९ वे कलम नवे आहे. पाळायचा इरादाच नसताना लग्नाचे वचन देऊन किंवा फसवणुकीच्या अन्य मार्गाने स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्याला त्यात दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. या कलमावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले जाते. मोडलेल्या प्रत्येक प्रेमाचा खटला होईल अशी एकांना भीती, तर फसवलेल्या मुलीला आजवर स्वतंत्र कलम नव्हते असे दुसऱ्यांचे म्हणणे. मला दिसते ते वेगळेच. हे कलमही फसवणूक मोजते ती शरीरापुरती. करणचा मोठा गुन्हा त्यात बसतच नाही. त्याने तिच्याकडून घेतली ती एक कबुली आणि सात वर्षे. त्यासाठी कट सिद्ध करावा लागेल, आणि कट सिद्ध करायचा तर बाईने आधी त्याचे नाव घ्यावे लागेल.

त्या १९८३ च्या निकालातला प्रश्न माझ्या मनातून जात नाही. कुणाला कळवू? आज तर त्यात एक नवी अडचण आहे. अटकेनंतर फोन ताब्यात जातो, आणि नंबर सगळे फोनमध्ये. परवा माझी पुण्याला नोकरी करणारी भाची आली होती. तिला सहज विचारले, तुला आईचा नंबर पाठ आहे का? तिने फोन हातात घेतला. फोन न बघता सांग म्हटले, तर पहिले सहा आकडे बरोबर आले.